डोहाळे पुरवले: होय

पायांच्या बाबतीत मी घमेंडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सात वर्षं जिल्ह्याकडून खो-खो खेळले, आणि आता इचलकरंजीतल्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मैदानावरच्या मुलींच्या नुसत्या टाचा बघून मी सांगते, कोण खरंच दमलीय आणि कोण नाटक करतेय. तेव्हा माझेच पाय मला न विचारता चालायला लागले, हे सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. कळलं सगळ्यांत शेवटी, आणि तोवर घरच्यांनी त्याचं कौतुकही करून घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ बाविसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. तालुक्याच्या स्पर्धा चालू होत्या. दोन दिवस मी मैदानावर शिट्टी फुंकत उभी होते आणि त्या दोन दिवसांत आतली हालचाल थांबलीय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं. मी शंभरदा मान डोलावली आणि मनातल्या मनात एकच म्हणत राहिले, की केतकी, तुला कळलं नाही.

त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही. नुसती भीती. एक हात कायम पोटावर. जेवताना, फळ्यावर लिहिताना, आंघोळीतसुद्धा. झोप उडाली, वजन उतरलं, रक्तदाब चढला. डॉ. पाटणेंनी माझा हात पोटावरून उचलून टेबलावर ठेवला.

"अगं, बाळ उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तू ठीक नाहीस. आणि तू अशीच राहिलीस, तर तेही ठीक राहायचं नाही."

त्यांनी मला 'सोबत' पट्टा लिहून दिला.

पट्टा दिसायला साधा होता. पोटाखाली बांधायचा मऊ पट्टा, त्याला मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर चिकटवायच्या चार पट्ट्या, आणि डाव्या कानात एक कुडी. पट्टा बाळाचे ठोके आणि हालचाल सतत ऐकायचा. पायांवरच्या पट्ट्या स्नायूंना अगदी बारीक वीज द्यायच्या. लकवा झालेल्यांचे पाय चालवायला हे तंत्र कितीतरी वर्षं वापरतात, इथे ते फक्त मदतीला होतं. बाई फार वेळ बसून राहिली की पट्टा तिला उठवायचा आणि चालताना प्रत्येक पावलाला थोडा टेकू द्यायचा. कुडीचं काम वेगळं होतं. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, पोट असा सगळीकडे हिंडणारा एक लांब मज्जातंतू असतो, आणि त्याची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात येते. तिला हलकेच डिवचलं की छातीतली धडधड उतरते, श्वास लांबतो, माणूस आतून निवतो. आईची भीती रक्तातून बाळापर्यंत पोचते, म्हणून आधी आईला शांत करायचं. बाळ कशाने शांत होतं ते पट्टा मिनिटामिनिटाला बघायचा आणि तेच पुन्हा करायचा. याहून जास्त त्याला काही शिकवलेलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट खास आपल्याकडच्यासाठी घातलेली होती. फोनवर 'डोहाळे' नावाचं एक पान होतं. रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी ते भरायचं. आज काय खावंसं वाटलं, कुठे जावंसं वाटलं, आणि खाली प्रश्न, 'डोहाळे पुरवले का?' होय किंवा नाही. आईची स्वतःची इच्छा पट्ट्याला कळावी, ती नुसती ओढली जाऊ नये, असा त्यामागचा विचार. आपल्याकडची बाई स्वतःला काय हवं ते स्वतः सांगत नाही, घरच्यांनी ओळखावं लागतं, हे कंपनीतल्या कुणाला तरी ठाऊक असणार. त्याचं काही चुकलं, असंही म्हणता येत नाही.

ते पान भरायचं काम माझ्या सासूबाईंनी मागून घेतलं. त्यांचं नाव शालन. मी त्यांना आईच म्हणते. डोहाळ्यांच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत.

"मला सुयोगच्या वेळंला उसाचा रस प्यावासा वाटला हुता," त्या सांगायच्या. "भर पावसाळ्यात. कोण आणून देणार? मग काय झालं बघ. पाच वर्षाचा हुईस्तोवर ह्याच्या तोंडाची लाळ थांबली न्हाई. लाळेरं बांधून शाळंत धाडलाय ह्याला."

सुयोग म्हणजे माझा नवरा, सूतगिरणीत इंजिनियर. ही गोष्ट निघाली की तो ताटात बघून जेवायचा.

*

पहिला महिना इतका सुखाचा गेला, की मला स्वतःचा हेवा वाटावा. झोप लागली. हात पोटावरून सुटला. रोज पाच किलोमीटर चालणं व्हायला लागलं आणि पाय हलके राहिले. भीती पूर्ण गेली नव्हती, पण ती वर यायला लागली की कानात मुंगी चालल्यासारखं व्हायचं आणि ती परत खाली बसायची.

मग एका दुपारी शाळेतून घरी येताना चौकात बाळाने लाथ मारली. दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे. घर उजवीकडे होतं. मी डावीकडे वळले.

यात काही विशेष झालंय असं मला तेव्हा वाटलं नाही. वळावंसं वाटलं म्हणून वळले, असंच वाटलं. आणि वळताक्षणी इतकं बरं वाटलं, की मी रस्त्यात एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. दोन डावीकडे, एक उजवीकडे, की पाय निघायचे.

घरी सांगितलं तर आईंच्या चेहऱ्यावर दिवाळी.

"अगं, डोहाळं हाईत ती! कुणाला मातीचं लागतात, कुणाला चिंचंचं. तुला हिंडायचं लागलंत. जा की. अडवू नगंस."

"पण आई, कुठं जायचंय तेच कळत नाही."

"पोराला कळतंय न्हवं? झालं तर."

सुयोग म्हणाला, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे." त्याचंही बरोबर होतं. आईंनी चष्मा लावला, फोन घेतला आणि लिहिलं, 'पायी हिंडणे. पुरवले: होय.'

आठव्या दिवशी मी मल्लाप्पाण्णांच्या यंत्रमागाच्या शेडपाशी पोचले.

गावातला मागांचा खडखडाट आता संपलाय. नवे माग हवेवर चालतात, आणि रस्त्यावर उभं राहिलं तर नुसता सुस्कारा ऐकू येतो. लाकडी धोटा इकडून तिकडे आपटत विणणारे जुने माग सगळ्यांनी भंगारात घातले. मल्लाप्पाण्णांनी तेवढे चार ठेवले होते, आणि हट्टाने ते दिवसभर चालवायचे. शेडच्या मागच्या बाजूला एक बोळ आहे. मी त्या बोळात कधी आयुष्यात गेले नव्हते. त्या दिवशी गेले, आणि थांबले.

तिथे तीन बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तिघींची पोटं भिंतीला टेकलेली. तिघींच्या डाव्या कानात कुडी. कुणी बोलत नव्हतं. भिंतीपलीकडून माग वाजत होते, खडखट्ट, खडखट्ट, आणि भिंतीच्या गिलाव्यातून तो हादरा हाताला लागत होता.

चौथी जागा मोकळी होती. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि पोट भिंतीला लावलं.

त्या सुखाचं वर्णन मला करता येत नाही. करायची आता भीतीही वाटते. बाळ एकदम स्तब्ध झालं, आणि कानातली मुंगी सगळ्या अंगभर पसरली.

बऱ्याच वेळाने शेजारची मला म्हणाली, "कितवा?"

"सातवा सरतोय. तुमचा?"

"आठवा." तिचं नाव तस्लीम. राहायला पार दुसऱ्या टोकाला. "ह्या बोळात मी कधी पाय ठेवला नव्हता. घरात सांगते, मावशीकडं जाते."

"मग येता कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हसणं तसंच होतं, पण डोळे हसत नव्हते.

"तुम्ही कशाला आला?" ती म्हणाली.

*

पुढचे दोन आठवडे रोज चार वाजता आम्ही तिथे असायचो. चारजणींच्या पाचजणी झाल्या, मग सात. आधी मल्लाप्पाण्णा वैतागले.

"माझं माग बंद पाडायला आलाईसा काय गं?"

मग घरची माणसं यायला लागली. कुणाच्या सासूने खुर्च्या आणल्या, कुणी चहाचा थर्मास. मल्लाप्पाण्णांचा राग उतरला, त्यांनी बोळात ताडपत्री बांधून दिली. भिंतीशी बायका आणि मागे ओळीने त्यांच्या सासवा, आया, नणंदा, शेंगा फोडत बसलेल्या. माझ्या सासूबाई त्यात म्होरक्या.

"डोहाळजेवण नावंतलं करत्यात, बागंतलं करत्यात, चांदण्यातलं करत्यात," त्या म्हणाल्या. "आपण मागापाशी करूया! कुणी केलं नसंल असलं."

आणि खरंच केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य. पाचजणींनी ओटी भरली. पेढ्याची वाटी निघाली की बर्फीची, यावरून हसाहशी झाली. मी फार खूश होते.

दोन दिवसांनी सुयोगने फोटो दाखवले. एका फोटोत आम्ही सातजणी भिंतीपाशी ओळीने उभ्या होतो. मी तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. सातही जणींची मान सारखीच डावीकडे कललेली, आणि ओठ सारखेच, तेवढेच उघडे. तस्लीमचं हसू आणि माझं हसू अदलाबदल करून लावलं असतं तरी चाललं असतं.

"छान आलाय ना?" सुयोग म्हणाला.

मला काहीतरी म्हणायचं होतं. कानात मुंगी चालली आणि मी म्हणाले, "हो."

*

त्यानंतरच्या गुरुवारी शाळेत आठवी विरुद्ध नववीचा सामना होता. मी पंच. अक्षता नावाची एक चपळ पोर आहे, तिने खुंटापाशी सूर मारला आणि हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. ती ओरडली, "मॅडम!"

त्याच वेळी लाथ बसली. दोन डावीकडे, एक उजवीकडे.

मी अक्षताकडे जायला वळले. मला पक्कं आठवतंय, मी वळले होते. पण पाय फाटकाकडे निघाले. मागून मुली हाका मारत होत्या, "मॅडम, हिचा हात बघा ना! मॅडम!" आणि मी फाटकातून बाहेर पडले. धावले नाही. सावकाश, ताठ, पाऊल व्यवस्थित टाकत चालत गेले. आणि मी हसत होते. सगळ्यांत वाईट ते आहे. मला खरोखर आनंद होत होता.

तासाभराने सुयोग मला शोधत बोळात आला. शिट्टी अजून माझ्या गळ्यात होती.

"केतकी, अगं त्या मुलीचा हात मोडलाय. दोन ठिकाणी. तू तिला तशीच टाकून आलीस, म्हणे?"

"हो का?" मी म्हणाले. "बरं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. शेजारी आई फोनवर 'होय' लिहीत होत्या.

पट्टा आणि कुडी दिवसातून एकदाच निघायची, आंघोळीपुरती दहा मिनिटं. त्या संध्याकाळी मी कुडी काढून साबणाच्या वडीशेजारी ठेवली, आणि अक्षताची हाक मला तेव्हा ऐकू आली. दुपारची भीती, लाज, सगळं एकदम. मी न्हाणीतल्या फरशीवर बसून राहिले. दार वाजलं, आई बाहेरून म्हणाल्या, "दहा मिनटं झाली गं." मी कुडीकडे बघत होते. मला ती कानात घालायची होती. इतकी घालायची होती, की हात दोनदा तिच्याकडे गेला. इतके दिवस मला बाळाबद्दल जे काही वाटत होतं, त्यातलं माझं किती आणि त्या कुडीचं किती, हे मला सांगता येत नव्हतं. आणि हे असंच राहिलं, तर बाळ हातात आल्यावरही सांगता येणार नव्हतं.

*

डॉ. पाटणेंनी पट्ट्यातली सगळी नोंद काढून बघितली. आम्ही तिघंही समोर बसलो होतो.

"सातव्या महिन्यात बाळ शिकायला लागतं," त्या म्हणाल्या. "आवाज ओळखतं, लक्षात ठेवतं, हे जुनंच ज्ञान आहे. तुझ्या बाळाने लाथ मारली तेव्हा पट्टा योगायोगाने पाय हलवत होता. असं दोनचारदा झालं. बाळ शांत झालं, म्हणून पट्ट्याने ते पुन्हा केलं. म्हणून बाळाने पुन्हा लाथ मारली. कोणी कोणाला शिकवलं हे आता सांगता येणार नाही. पण लाथ मारली की आई चालते, हे त्याला कळलंय."

"आणि ती भिंत?" सुयोगने विचारलं.

"धोट्याचा माग मिनिटाला साधारण एकशे चाळीस ठोके टाकतो. पोटातल्या बाळाचं हृदयही जवळपास तेवढेच ठोके देतं. तो आवाज जवळ आला की बाळ निवतं, आणि पट्टा पाय तिकडेच वळवतो." त्यांनी पडद्यावरची नोंद वर सरकवली. "भिंतीपलीकडे काय आहे असं त्या बाळांना वाटत असेल, मला माहीत नाही."

मग त्यांनी पडदा आईंकडे वळवला. त्यावर एकाखाली एक ओळी होत्या. 'पुरवले: होय. पुरवले: होय.' एकोणतीस वेळा.

"शालनताई, पट्ट्याला एकच अडसर घातलेला होता. आईची इच्छा नसेल तर थांबायचं. ती इच्छा त्याला तुमच्याकडून कळत होती."

आईंना समजायला वेळ लागला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"मी तुझं मन राखलं गं," त्या म्हणाल्या.

"ते माझं मन नव्हतं, आई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. दोन्ही माझंच होतं, कारण कुडी मी काढून टेबलावर ठेवली होती.

"पट्टा काढा," मी म्हणाले.

"काढता येईल. पण ऐकून घे. दुसऱ्या एका गावात एकीचा असाच काढला. बाळ अठरा तास हललं नाही. लाथेला उत्तर मिळत नाही म्हटल्यावर त्याने मारणंच सोडलं. ठोके मंदावत गेले, शेवटी पट्टा परत बांधावा लागला. आता बाळंतपणापर्यंत तिचा निघणार नाही."

बाळ हललं नाही, हे शब्द ऐकताच माझा हात पोटावर गेला. सुयोगने माझं मनगट धरलं.

"राहू दे ना," तो म्हणाला. "महिना-दीड महिन्याचाच प्रश्न आहे. रोज भिंतीपाशी उभं राहायचं, एवढंच ना? मी येतो सोबत. केतकी, परत तसलं काही मला नाही बघवायचं."

मलाही नव्हतं बघवायचं. तरी मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पलंगावर झोपले.

*

दुपारी दोन वाजता पट्टा सुटला. डॉक्टरांची अट होती, की पाच वाजेपर्यंत बाळाने आपणहून एकदा तरी हललं पाहिजे. नाही हललं, तर पट्टा परत. ठोके पडद्यावर दिसत होते. बाकी सगळं मी सांगायचं, हललं की सांगायचं.

सव्वादोनला लाथ आली. दोन डावीकडे, एक उजवीकडे. माझे पाय पलंगावर तसेच पडून राहिले. परत आली. मग परत, जोरात. चौथ्यांदा आली ती अगदी हळू, दारावर टकटक करून बघावं तशी. हे त्याचं जुनंच मागणं होतं, आपणहून हलणं नव्हे. डॉक्टरांनी ते धरलं नाही.

त्यानंतर काही नाही.

तीन वाजले. डॉक्टरांनी पोटावर जेल लावून सोनोग्राफी केली आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"झोपलंय का?" सुयोगने विचारलं.

"नाही. डोळे उघडे आहेत."

मीही पाहिलं. राखाडी अंधारात ते जागं होतं. एक पाय वर उचललेला आणि तळवा गर्भाशयाच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. बोटसुद्धा हलत नव्हतं. ते वाट बघत होतं.

मला ते सहन झालं नाही. मी उजव्या कुशीवर हात ठेवला. पाय हलला आणि हाताखाली आला. मी हात डावीकडे नेला. पाय डावीकडे आला. मी हात वर नेला, बरगडीखाली, तर ते सबंध अंग वळवून वर आलं.

"ऐकतंय!" सुयोग ओरडला. "केतकी, ऐकतंय ते तुझं!"

"किती गुणाचं गं लेकरू," आई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मला हर्ष झाला. कानात काही नव्हतं, हा हर्ष माझाच होता. शिट्टीवर पोरी पळवणारी बाई मी. मी हात भराभर फिरवला. खाली, वर, पलीकडे. ते येत राहिलं. मी गोल फिरवला, ते गोल फिरलं. एकदाही चुकलं नाही, एकदाही कंटाळलं नाही. पडद्यावर मला त्याचा चेहरा दिसला. त्यात खेळ नव्हता. मैदानावरून चालत जाताना माझा चेहरा कसा दिसत असेल, ते मला तेव्हा कळलं.

एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने जायचं, एवढंच त्याला माहीत होतं. इतके दिवस त्याने सांगितलं. आता मी सांगणार होते, आणि ते जन्मभर येत राहिलं असतं, मला आवडलंही असतं.

मी हात उचलला. दोन्ही हात डोक्याखाली घेतले आणि त्यांच्यावर डोकं दाबून ठेवलं.

"अगं, ठेव की हात," आई कुजबुजल्या. "पाच वाजायला आलं. हललं म्हणून लिहून घेतील."

"आपणहून हलायला हवं."

"केतकी," सुयोग म्हणाला, "फक्त एकदा. प्लीज."

चार वाजून गेले. आतलं सगळं परत थांबलं होतं. मागच्या वेळी असंच थांबलं होतं आणि मला कळलं नव्हतं. या वेळी मला एकेक मिनिट कळत होतं, आणि हात दोन वितींवर असूनही मला तो तिथे न्यायचा नव्हता. मी आयुष्यात इतकी भ्यायले नाही. घामाने उशी भिजली. ठोके एकशे चाळीसवरून एकशे तीस झाले, मग एकशे वीस. डॉक्टर उठल्या आणि त्यांनी कपाटातून पट्टा काढून माझ्या पायाशी ठेवला. पाचला दहा मिनिटं कमी होती. सुयोग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आणि थेट मूत्राशयावर एक सणसणीत लाथ बसली.

मी ओरडले. अंगाखालची चादर ओली झाली. ती लाथ दोन-एकातली नव्हती. तिथे माझा हात कधी गेला नव्हता, तिथून मला कुठे नेताही आलं नसतं. वेडीवाकडी, आडदांड, कुणासाठीही नसलेली लाथ.

"हात कुठे होते?" डॉक्टरांनी लगेच विचारलं.

मी दोन्ही हात डोक्याखालून काढून वर धरले. ते बधिर झाले होते. डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. मी मोठमोठ्याने रडत होते, आणि त्या रडण्याला खाली बसवणारं कानात काही नव्हतं. सुयोग माझ्याकडे आला. आईंनी पायाशी ठेवलेला पट्टा उचलून दूर टेबलावर नेऊन ठेवला.

"परत हललं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

मी हात छातीवर घेतले. दुसरी कधी येईल, कुठे येईल, मला माहीत नव्हतं. मी वाट बघत पडून राहिले.